कुणातल्या

मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत
माझी खोली. खाली मुनीरचाचांचं सतारीचं दुकान.
पाटीवर ‘सुगंधा, एम. ए. मानसशास्त्र’ एवढंच.
पेंटर म्हणाला होता, मॅडम, आडनाव राहिलं.
म्हटलं, राहू दे.

लोक जिना चढून येतात, धापा टाकत,
फॉर्मवर ‘डोकेदुखी’ लिहितात, ‘पित्त’ लिहितात.
एकानं लिहिलं होतं, ‘बायको’.
मग बसल्या बसल्या विचारतात,
गाव कुठलं? माहेर? तिथं कुठली गल्ली?
शेवटी दमून, सरळच:
मॅडम, तुम्ही कुणातल्या?

मी म्हणते, आज आपण तुमच्याबद्दल बोलू.
हे वाक्य मला कॉलेजात शिकवलं.
चांगलं वाक्य आहे. त्याच्यामागं
मी पुष्कळदा लपले आहे.

भूपालअण्णा आले ते झोपेसाठी.
मालगावकडचे, द्राक्षबाग,
चौदा महिने डोळ्याला डोळा नाही.
रात्री उठून मोटार बघायला जातात,
मोटार बंदच असते.
तिसऱ्या भेटीत कळलं, मुलगी होती.
पाचव्या भेटीत ‘होती’चं ‘आहे’ झालं.
त्रिशला. कुपवाडला असते, एमआयडीसीच्या मागं,
नवऱ्याबरोबर.
आणि नवरा?
‘त्यांच्यातला,’ म्हणाले, आणि हात हलवला
ताटावरची माशी हाकलावी तसा.

तो हात माझ्या ओळखीचा आहे.
आई शेंगा फोडायला जायची तिथं
तसाच हात लांबून चहा ओतायचा,
गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या कपात.
कप फुटका नव्हता, हे ती आवर्जून सांगते.
चांगला होता, निळ्या फुलांचा.
फक्त वेगळा.

वहीत मी लिहिलं: शोक. अपराधीपणा. झोप तीन तास.
कपाचं लिहिलं नाही.
ते गुरुवारी पुण्याच्या माझ्या मॅडमना फोनवर सांगितलं.
त्यांनाही त्यांच्या एक मॅडम आहेत.
कुठंतरी शेवटी कुणीतरी असेलच
जिला सांगायला कुणी नाही.

‘गाव म्हणतंय, मेली असं धरून चाला,’
अण्णा एकदा म्हणाले.
‘धरून चालायला काय. पायच उचलत न्हाई.’

खाली मुनीरचाचा जवारी काढत होते.
घोडीवर कानस, मग तार छेडून ऐकायची,
पुन्हा कानस. दिवसभर तोच सूर.
आवाजाचा त्रास होतो का, मी विचारलं.
‘न्हाई. त्यांचं काम चाललंय.’
आणि बऱ्याच वेळानं,
‘पोरगी वाजवायची. मध्यमापर्यंत झाली होती.
सतार ह्याच दुकानातली.
अजून घरात हाय, कापडात बांधून.
रात्री मी नुसता खोकलो तरी
ती आतल्या आत वाजते.’

मी गप्प बसले.
गप्प बसायलाही कॉलेजात शिकवलं होतं,
पण त्या दिवशीचं गप्प बसणं ते नव्हतं.

अण्णा पाण्याची बाटली घरून आणायचे.
टेबलावरचा तांब्या-पेला तसाच राहायचा.
जैन माणूस, गाळलेलंच पितात,
असं मी मला समजावलं.
ते खरंही असेल.
नवव्या भेटीला बाटली विसरले. मार्चचं ऊन.
पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
‘गाळलेलं हाय?’
आहे, म्हटलं.
पेला वर धरून प्याले, ओठ न लावता,
निम्मं पाणी सदऱ्यावर.
सगळी म्हातारी माणसं तशीच पितात.
माझे वडीलसुद्धा.

उठताना, एक हात दाराला:
‘मॅडम, तुम्ही कुणातल्या?’
आणि मी सांगितलं.
आडनाव, गाव, गावाबाहेरची आमची गल्ली.
वाक्य जरा घाईत झालं.
ते ‘बरं’ म्हणाले.
एकेक पायरी उतरत गेले.
खाली दुकानापाशी चपलांचा आवाज थांबला,
की गल्लीतल्या गर्दीत मिसळला,
मला वरून कळलं नाही.

मंगळवारची वेळ त्यांच्या नावावर आहे.
पेला मी अजून विसळलेला नाही.
का, ते गुरुवारी विचारायचंय.